पदवीबरोबर संपणारी कारकीर्द

ज्या कारकिर्दीचा अखेरचा दिवस तिच्या पहिल्याच दिवशी नियमावलीत मुक्रर झालेला असतो, अशी कारकीर्द विद्यापीठाच्या क्रिकेटपटूखेरीज आपल्या समाजात फारशी कोणाच्या वाट्याला येत नसावी. आंतरविद्यापीठ सामन्यांत उतरावयाचे तर वय १७ च्या वर आणि २५ च्या आत असावे लागते, आणि नाव कोणत्या तरी महाविद्यालयाच्या पटावर चालू असावे लागते. या दोन अटींनी आखून दिलेल्या आठ वर्षांपैकी सामान्य घरातल्या मुलाच्या हाती प्रत्यक्षात दोन किंवा तीनच हंगाम लागतात; कारण पहिले वर्ष महाविद्यालयाच्या संघात जागा मिळविण्यात जाते, दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या निवड-चाचणीत आपले नाव पुकारले जाईल की नाही या विवंचनेत पावसाळा सरतो, आणि तिसऱ्या वर्षी, ज्या वेळी हात आणि दृष्टी यांचा मेळ नुकता कोठे बसू लागलेला असतो, नेमक्या त्याच वेळी पदवी हाती पडून घरात नोकरीचा विषय निघतो. पुढे आयुष्यभर त्याच्या नावामागे ‘युनिव्हर्सिटी खेळलेला’ एवढी ओळख राहते, आणि ती सांगणाऱ्याच्या स्वरात बहुधा कीव असते.

ही कीव मला मान्य नाही. महाविद्यालयांच्या शेकडो मुलांतून निवडले जाऊन, आपल्या विद्यापीठाची टोपी डोक्यावर घालून, परमुलखातल्या अनोळखी खेळपट्टीवर नव्या चेंडूला सामोरे जाणे ही स्वतःमध्येच पूर्ण अशी गोष्ट आहे. तिच्यापुढे रणजी आणि कसोटी यांच्या पायऱ्या नाही लागल्या म्हणून ती अपुरी ठरत नाही. अपुरी ठरते ती त्यानंतरची व्यवस्था. ज्या मुलाने आपल्या तारुण्यातली उत्तम वर्षे एका सार्वजनिक संस्थेच्या नावासाठी वेचली, त्याला ती वर्षे संपताच आपण रिकाम्या हातांनी बाजारात उभे करतो. एके काळी असे होत नव्हते, आणि जे होत नव्हते त्यात आमच्या वागळे इस्टेटसारख्या कारखानदारी वसाहतींचा वाटा होता, म्हणून हा विषय मला येथल्या लोकांपुढे मांडावासा वाटतो.

रणजी करंडकाची स्पर्धा सुरू होऊन जेमतेम एक वर्ष लोटले होते, तेव्हा, १९३५-३६ च्या हंगामात, भारतातील विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा भरू लागली. मुंबईच्या एका पारशी गृहस्थाने आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ हा करंडक दिला. पहिल्या वर्षीचे विजेतेपद पंजाब विद्यापीठाकडे गेले, आणि पुढील दशकांत मुंबई विद्यापीठाने त्यावर वारंवार आपले नाव कोरले. विद्या आणि क्रिकेट यांच्यात वैर आहे ही कल्पना त्या पिढीला शिवलेली नव्हती. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर हे वयाची पंचेचाळिशी उलटल्यानंतर १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राच्या संघाला रणजी करंडक जिंकून देत होते, आणि सकाळी मैदानावर असलेला माणूस दुपारी वर्गावर कालिदास समजावून सांगतो यात कोणाला काही विपरीत दिसत नव्हते. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. त्याला दोन वर्षेही होतात न होतात तोच, १९५०-५१ च्या आंतरविद्यापीठ हंगामात, नाशिकचे बापू नाडकर्णी त्या नव्या विद्यापीठाकडून खेळले आणि तेथून महाराष्ट्राच्या रणजी संघात गेले.

परंतु विद्यापीठ-क्रिकेटची शिडी कशी उभी होती आणि तिची प्रत्येक पायरी कशावर टेकलेली होती हे पाहावयाचे, तर अजित वाडेकरांची हकीकत मुळापासून पाहावी लागते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात विज्ञान शिकणारा, अभियंता होऊ पाहणारा हा शिवाजी पार्कचा मुलगा बसने महाविद्यालयात जात असताना, त्याच महाविद्यालयाकडून खेळणाऱ्या बाळू गुप्ते यांनी त्याला बारावा खेळाडू म्हणून येतोस का असे विचारले, आणि त्या कामाचा दिवसाला तीन रुपये भत्ता मिळतो हे ऐकून तो कबूल झाला, असे सांगतात. तीन रुपये ही त्या वेळच्या मध्यमवर्गीय विद्यार्थ्याला क्षुल्लक रक्कम नव्हती. पुढे हाच मुलगा १९५८-५९ च्या हंगामात बारिया करंडकात ३२४ धावांची खेळी करतो, त्याच हंगामात मुंबईच्या रणजी संघात येतो, आणि तरीही कसोटी संघाचे दार त्याच्यासाठी उघडते ते १९६६ च्या डिसेंबरात. मधली आठ वर्षे. धावा होत होत्या, निवड होत नव्हती, आणि वय पंचविशीकडे सरकत होते. ज्या घरात मुलगा शिकून मिळवता होण्याची वाट पाहिली जाते, त्या घरात आठ वर्षे केवळ आशेवर निघत नाहीत. वाडेकरांना स्टेट बँकेची नोकरी होती. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी, सामन्यांसाठी रजा मंजूर करणारी, आणि स्वतःचा संघ असल्यामुळे खेळाडूचे मोल जाणणारी ती नोकरी होती. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड अशा दोन्ही दौऱ्यांत मालिका जिंकून आलेल्या कर्णधाराचे श्रेय देताना आपण त्याच्या संयमाचे कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. पण त्या संयमाला अन्न पुरविणाऱ्या बँकेच्या हजेरीपटाचा उल्लेख कोणी करीत नाही.

दिलीप सरदेसाई मडगावहून मुंबईला आले तेव्हा त्यांच्याजवळ पुढे ठेवण्याजोगे नावही नव्हते. १९५९-६० च्या बारिया करंडकात ८७ च्या सरासरीने ४३५ धावा झाल्या, पुढच्याच हंगामात पुण्याला पाकिस्तानच्या दौऱ्यावरील संघाविरुद्ध भारतीय विद्यापीठांच्या संघातून प्रथम श्रेणीत पदार्पण करताना त्यांनी ८७ धावा काढल्या, आणि त्यानंतरच्या मोसमात ते कसोटी खेळत होते. परदेशी संघ आला की त्याचा एक सामना विद्यापीठांच्या संयुक्त संघाशी ठेवावयाचा, हा शिरस्ता होता. विशीच्या आतबाहेरचा मुलगा कसोटी गोलंदाजांपुढे उभा राही, आणि निवड समितीला त्याची पारख करण्यासाठी आणखी कोणाच्या शिफारशीची गरज उरत नसे. सुनील गावसकर सेंट झेवियर महाविद्यालयाचे. वाडेकरांचा ३२४ चा विक्रम त्यांनी सुमारे दशकभराने ३२७ धावा काढून मोडला, आणि लवकरच वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. तेव्हा विद्यापीठाच्या मैदानावरून कसोटीच्या मैदानावर जाणारी वाट किती थोड्या पावलांची होती, हे यावरून ध्यानी येईल.

ही झाली अग्रभागी चमकलेल्यांची नावे. मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते त्यांच्याबरोबर त्याच संघात असलेले इतर दहा जण. त्यांतले बहुतेक कसोटी खेळले नाहीत, पुष्कळजण रणजीही खेळले नाहीत; परंतु ते उघड्यावर पडले नाहीत, कारण मुंबईत ‘ऑफिस क्रिकेट’ नावाची एक भरभक्कम संस्था त्यांना उचलून घेण्यास सिद्ध होती. १९३० च्या सुमारास सुरू झालेल्या टाइम्स शील्डमध्ये कंपन्यांचे आणि बँकांचे संघ निरनिराळ्या विभागांत खेळत. असोसिएटेड सिमेंटमध्ये सरदेसाई आणि नाडकर्णी, मफतलालमध्ये अशोक मंकड आणि एकनाथ सोलकर, निरलॉनमध्ये गावसकर आणि पुढे संदीप पाटील, टाटांकडे पद्माकर शिवलकर आणि मिलिंद रेगे अशी ही मांदियाळी. यांपैकी पद्माकर शिवलकरांनी आयुष्यभर मुंबईसाठी ढीगभर बळी घेतले आणि एकही कसोटी त्यांच्या नशिबी आली नाही. पण ते पोटासाठी खेळ सोडून गेले नाहीत, हे त्या व्यवस्थेचे यश होय. ज्या कंपनीचा संघ खालच्या विभागात असे, तीही विद्यापीठ खेळलेल्या एखाद्या मुलाच्या शोधात राही. त्याला कारकून म्हणून, भांडार-विभागात मदतनीस म्हणून किंवा विक्री-खात्यात हंगामी म्हणून रुजू करून घेत, आणि दोन-चार वर्षांत तो कायम होई. तो दुपारी लवकर सुटे खरा, पण तो संघ त्याच्या खात्यातल्या माणसांचाही असे, आणि सामना जिंकला की दुसऱ्या दिवशी यंत्रावरचा कामगार आणि व्यवस्थापक एकाच विषयावर बोलत.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याने प्रारंभीच ज्या वसाहती उभ्या केल्या त्यांत ठाण्याची ही वागळे इस्टेट येते. आज जो माणूस २२ नंबर सर्कलवरून चेकनाक्याकडे जातो, त्याला दुतर्फा काचेच्या इमारती, संगणक-कंपन्यांचे पाट्या लावलेले दरवाजे आणि पारपत्र कार्यालयापुढची रांग दिसते. परंतु किसननगर, हाजुरी आणि आय.टी.आय.च्या परिसरात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना येथली वेळ भोंग्यांनी मोजली जात होती हे आठवत असेल. अभियांत्रिकी, औषधे, रसायने, विद्युत-उपकरणे यांचे लहानमोठे कारखाने येथे होते, आणि या कारखान्यांत लागलेला माणूस कामगार विमा योजनेच्या रुग्णालयापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सर्व बाबतींत कारखान्याच्या आश्रयाखाली नांदत होता. क्रिकेटचा संघ हा त्या आश्रयाचाच एक भाग होता. सेंट्रल मैदानावर ‘ठाणे वैभव’च्या नावाने भरणारी आंतरकार्यालयीन स्पर्धा ही त्या काळाचीच देणगी, आणि ती टिकली याबद्दल ठाणेकरांनी संबंधितांचे ऋणी असावयास हवे, कारण जिल्ह्यातल्या नोकरदार क्रिकेटला उभे राहावयास त्या स्पर्धेने निदान एक जागा राखून ठेवली.

येथे माधव आपटे यांचे स्मरण करणे मला आवश्यक वाटते, कारण अल्प कारकिर्दीचे इतके तेजस्वी आणि इतके अन्यायाचे उदाहरण मराठी क्रिकेटमध्ये दुसरे नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते आले तेव्हा लेगस्पिन टाकीत; विनू मंकडांच्या नजरेखाली ते सलामीचे फलंदाज झाले. १९५१ साली विजय मर्चंट दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत, त्यांच्या जागी मुंबईच्या संघात आलेल्या या कोवळ्या मुलाने पदार्पणातच शतक काढले. पुढच्या वर्षी तो कसोटी खेळला, आणि १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाच कसोटींत ५१.११ च्या सरासरीने ४६० धावा करून आला. त्यांत पोर्ट ऑफ स्पेनची नाबाद १६३ धावांची खेळी होती. त्यानंतर माधव आपटे भारतासाठी एकही कसोटी खेळले नाहीत. सात कसोटी, ५४२ धावा, ४९.२७ सरासरी, आणि वय वीस. ज्या वयात आजचा विद्यार्थी पदवीच्या अखेरच्या वर्षाची परीक्षा देतो, त्या वयात त्यांची कसोटी कारकीर्द समाप्त झाली होती, आणि त्याचे समाधानकारक कारण त्यांना कोणी कधी दिले नाही.

तरीही आपट्यांच्या ठिकाणी कडवटपणा आला नाही. ते उतारवयापर्यंत कांगा लीगच्या चिखलात आनंदाने खेळत राहिले, मुंबईचे शेरीफ झाले, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले, आणि शाळकरी सचिन तेंडुलकरला क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये प्रवेश मिळावा म्हणून वयाच्या अटीचा अडसर दूर करणाऱ्यांत ते होते. त्यांच्या स्वभावाचे मोठेपण मी नाकारीत नाही. परंतु त्यांच्यामागे उद्योगपतीचे घराणे होते, गिरण्या होत्या, बसावयाला खुर्ची होती, हेही तितकेच खरे. विसाव्या वर्षी खेळाने पाठ फिरविली तरी पोटाचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा नव्हता. किसननगरच्या दहा बाय बाराच्या खोलीतून येणाऱ्या मुलावर तोच प्रसंग आला, तर त्याने उदारचरित राहावे ही अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची?

ऑफिस क्रिकेटची ती व्यवस्था का मोडली, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या सावरल्या नाहीत, आणि गिरणी-समूहांचे संघ त्यांच्याबरोबरच क्षीण झाले. १९९१ नंतर कायम नोकरीची जागा कंत्राटी नोकरीने घेतली; जो माणूस अकरा महिन्यांच्या करारावर आहे त्याला सामन्यासाठी रजा देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिकडे क्रिकेट नियामक मंडळाने स्वतःची वयोगटांची शिडी बांधली. सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखालील कूचबिहार, त्यावरचा सी. के. नायडू करंडक अशा पायऱ्या झाल्या, आणि निवडकर्त्यांची नजर तेथे खिळली. ज्याचे नाव एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्या याद्यांत आले नाही, तो विद्यापीठाकडून कितीही चांगला खेळला तरी उशिरा आलेला ठरतो. बारिया करंडकात कधी काळी त्रिशतके होत, कारण सामने दिवस दिवस चालत. आता आंतरविद्यापीठ सामने बहुतांशी मर्यादित षटकांत उरकले जातात, आणि तेथे फलंदाजाची पारख होण्यापूर्वीच सामना आटोपलेला असतो. २००८ पासून आयपीएल आली. तिने काही मुलांचे कल्याण केले, याविषयी मला आनंदच आहे. पण तिच्या लिलावाच्या यादीत ‘विद्यापीठाचा खेळाडू’ असा रकाना नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नव्हे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा सामना १८२७ पासून चालत आला. १९५९ साली ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या अब्बास अली बेग यांना मांजरेकर जायबंदी झाल्यामुळे भारताच्या संघात बोलावून घेतले गेले, आणि त्यांनी मँचेस्टरला पदार्पणातच शतक काढले, इतका त्या विद्यापीठांच्या क्रिकेटचा दर्जा होता. त्या सामन्यांची प्रथम श्रेणीची मान्यताही २०२० नंतर राहिली नाही. तथापि इंग्लंडमधील पदवीधराला कौंटी नाही तरी व्यवसाय मिळतो. आपल्या मुलाचे दोन्ही हात रिते राहतात, आणि दोन्ही ठिकाणची अवस्था समान मानणे ही आपली फसवणूक होईल.

आज ठाण्याचा किंवा कल्याणचा मुलगा विद्यापीठासाठी कसा खेळतो, ते नीट पाहावे. महाविद्यालय ज्ञानसाधना असो, जोशी-बेडेकर असो, बिर्ला असो की पेंढरकर असो, विद्यापीठाचे मैदान मरीन लाइन्सला आहे. सकाळी चाचणी असली की अंधारात घर सोडावयाचे, खांद्यावर किट घेऊन ठाण्याला जलद गाडीत शिरावयाचे, शिव्या खात दारापाशी उभे राहावयाचे, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे गाठावयाची, आणि या सगळ्यानंतर ताज्या दमाने धावत येऊन चेंडू टाकावयाचा. कल्याण-डोंबिवलीच्या मुलाला याहून अधिक. अजिंक्य रहाणे याच डोंबिवलीच्या शाळेतून आणि मॅटिंगच्या खेळपट्टीवरून वर आला. त्याच डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीने १९९७ च्या ऑगस्टमध्ये कोलंबोला आपल्या कसोटी आयुष्यातल्या पहिल्याच चेंडूवर अटापट्टूचा बळी घेतला, असे करणारा तो पहिला भारतीय. मात्र नंतर श्रीलंकेने ९५२ धावांचा डोंगर रचला, त्याला सत्तर षटके टाकूनही दुसरा बळी मिळाला नाही, आणि त्याची कसोटी कारकीर्द तीन सामन्यांत आटोपली. कुलकर्णीने पुढे क्रीडा-व्यवस्थापन शिकविणारी संस्था काढली, ही गोष्ट मला त्या पहिल्या चेंडूइतकीच मोलाची वाटते, कारण खेळ संपल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःपुरते न ठेवता इतरांसाठीही खुले केले.

कल्याणच्याच प्रणव धनावडेने २०१६ च्या जानेवारीत शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या, १८९९ पासून टिकलेला कॉलिन्सचा ६२८ धावांचा विक्रम मागे टाकला, आणि दोन दिवसांत अवघे जग एका रिक्षाचालकाच्या दारी येऊन उभे राहिले. एवढे ओझे पंधरा वर्षांच्या खांद्यांवर टाकण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आपल्याला विक्रम हवा असतो; विक्रमानंतरची दहा वर्षे त्या मुलाने कशी काढावयाची, याची तजवीज करण्यास आपण तयार नसतो. २०२४ च्या मार्चमध्ये दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहात टेनिस चेंडूची लीग झाली, दिवे लागले, चित्रपटतारे आले. त्यालाही माझी हरकत नाही. पण त्याच मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामन्याला चार माणसे येत नाहीत, याची खंत करावयाची नाही असे कसे म्हणता येईल?

यावर कारखानदार म्हणतील की कारखाना म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, आणि आज स्पर्धा इतकी तीव्र आहे की दुपारी मैदानावर जाणारा नोकर कोणालाही परवडणार नाही. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. वागळे इस्टेटमधल्या लहान उद्योजकाचे चटके मी जवळून पाहिले आहेत. पण विद्यापीठ खेळलेल्या मुलाकडे कोणते गुण असतात, हेही त्यांनी पाहावे. त्याला पहाटे उठण्याची सवय असते, दुसऱ्याच्या हुकमतीखाली काम करण्याची सवय असते, आपल्याला न रुचलेल्या जागी क्षेत्ररक्षणास उभे राहण्याची सवय असते, आणि हरल्यानंतर पुन्हा दुसऱ्या दिवशी हजर होण्याची सवय असते. हे गुण मुलाखतीत विकत मिळत नाहीत. दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो, की या मुलांनी अभ्यास केला असता तर ही वेळ आली नसती. विद्यापीठाच्या नियमांत खेळाडूला परीक्षेत दहा गुणांपर्यंतची सवलत आहे. ती उत्तीर्ण होण्यास उपयोगी पडते, नोकरीस नाही. जो मुलगा विद्यापीठाच्या नावासाठी महिनाभर परगावी असतो, त्याच्या बुडालेल्या तासांची भरपाई दहा गुणांनी होते असे मानणे म्हणजे हिशेबाची वही न उघडताच खाते मिटविणे होय.

म्हणून मी मागतो ते दान नव्हे, आणि नवा कायदाही नव्हे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, त्याखाली पदवीधरांनाही घेता येते, आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र शासन उचलते. ठाणे लघुउद्योग संघाचे कार्यालय वागळे इस्टेटमध्येच आहे. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र बाळकूमला आहे. आय.टी.आय. तर इस्टेटच्या उंबरठ्यावर आहे. या तिघांनी एकत्र बसून, ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील ज्या मुलांनी विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले आहे अशा अखेरच्या वर्षाच्या मुलांची यादी करावी, आणि प्रत्येक हंगामात निदान काही कारखान्यांनी व संगणक-कंपन्यांनी त्यांतला एकेक मुलगा शिकाऊ म्हणून घ्यावा. त्याच्याकडून काम पुरते करून घ्यावे, केवळ सामन्याच्या दिवशी त्याला सोडावे, आणि मुदत संपल्यावर तो लायक ठरला तर कायम करावे. मुलींच्या बाबतीत तर हे अधिक निकडीचे आहे. स्त्रियांच्या क्रिकेटला कित्येक दशके प्रामुख्याने रेल्वेने नोकऱ्या देऊन तारले, हे सर्वश्रुत आहे. एका खात्याने जे केले त्यातले थोडेसे एका औद्योगिक वसाहतीला का जमू नये?

मैदानाचा प्रश्न महानगरपालिकेचा आहे. दादोजी कोंडदेव प्रेक्षागृह आणि सेंट्रल मैदान येथे आठवड्यातले काही दिवस महाविद्यालयीन लाल चेंडूच्या सामन्यांसाठी राखून ठेवण्याचा ठराव झाला, आणि त्याची नोंद भाड्याच्या दरपत्रकात सवलतीच्या दरासह झाली, तर ठाण्याच्या मुलाला प्रत्येक सरावासाठी मरीन लाइन्स गाठावे लागणार नाही. कल्याणच्या वायलेनगरात जे मैदान आहे, तेथेही हेच करता येईल. ज्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी दिव्याच्या उजेडात टेनिस चेंडूचे सामने भरवितात, त्यांनी वर्षाकाठी एक संघ आंतरकार्यालयीन स्पर्धेत लेदर बॉलने उतरवावा आणि त्यात यादीतल्या मुलांना जागा द्यावी; यापरता खर्च त्यांना नाही.

विद्यापीठाच्या निवड-चाचण्या पावसाळा सरल्यावर सुरू होतात. त्यापूर्वी यादी तयार झाली पाहिजे, आणि ती रोड नंबर १६ वरील लघुउद्योग संघाच्या कार्यालयात महाविद्यालयांच्या क्रीडाशिक्षकांनी स्वतः नेऊन दिली पाहिजे. तेथून ती दप्तरात पडून राहू नये म्हणून पाठपुरावा करण्याचे काम मात्र आपणां सर्वांचे, आणि ज्या वाचकाच्या कार्यालयात एखादी शिकाऊ जागा रिकामी असेल, त्याने यादीची वाट न पाहता जवळच्या महाविद्यालयात जाऊन क्रीडाशिक्षकांना भेटावे.